अकराचे पाच करताना

त्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी काकांचे वरचे पुढचे दोन दात निघाले. डॉक्टरीणबाईंनी ते स्टीलच्या ट्रेमध्ये टाकले, खण्ण असा आवाज झाला. पण हे काही घडलंच नाही असं आपण धरून चालू. सकाळी नऊ वाजता ठोक्याही तसंच धरून चालला होता.

ठोक्या म्हणजे काकांचा पुतण्या. टेबलावर, दारावर, डुलकी घेणाऱ्याच्या पाठीवर ताल ठोकायची सवय, म्हणून हे नाव. तो लिनक्स नावाची मोफत संगणकप्रणाली घातलेल्या लॅपटॉपवर संगीत करायचा. लिनक्सच का, असं कोणी चुकून विचारलं तर विचारणाऱ्याचा दिवस वाया जायचा.

काका पाण्याचे पंप दुरुस्त करणारे मिस्त्री. चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते आणि त्यांची स्वतःची एक चार मिनिटांची चाल होती. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकावर टेकवावे लागतात. काकांचे नेमके तेच दोन दात वर्षभर हलत होते, त्यामुळे चालीतल्या लांब सुराला अशी काही थरथर यायची की ऐकणारा हातातलं काम ठेवून द्यायचा. आता दात मुळापासून सडले होते. डॉक्टरीणबाईंची वेळ दोनदा पुढे ढकलून झाली होती. आज चारला दात जाणार आणि त्यांच्याबरोबर ती थरथरही. रेकॉर्ड करायची तर आजच.

नऊ वाजता सगळं व्यवस्थित चालू होतं. घोळ तिथूनच सुरू झाला.

माइकमध्ये गेलेला सूर हेडफोनमध्ये अकरा मिलिसेकंद उशिरा येत होता. एवढा उशीर कानाला कळत नाही. पण ठोक्याला स्क्रीनवर आकडा दिसला, आणि एकदा दिसल्यावर तो डोळ्यासमोरून हलेना.

"काका, पाच मिनिटं बसा. अकराचे पाच करतो."

"पाच काय, मिनिटं?"

"मिलिसेकंद. मिनिटंही पाचच लागतील."

लॅपटॉपमध्ये ऑडिओ सर्व्हर नावाचा एक मध्यस्थ असतो. माइकचं म्हणणं प्रोग्रॅमला आणि प्रोग्रॅमचं स्पीकरला पोचवायचं, एवढंच त्याचं काम. ठोक्यानं त्याला घाई करायला सांगितलं. त्यानं इमानदारीत घाई केली आणि काकांचा सूर गरम तेलात पाणी पडल्यासारखा तडतडला.

मग ठोक्यानं दुसरा, जास्त चपळ सर्व्हर बसवला. पहिल्याला काढायचं राहून गेलं. साउंड कार्ड एक, मालक दोन. नवा म्हणाला, उपकरण दुसऱ्याच्या ताब्यात आहे. ठोक्यानं जुन्याला बंद केलं. तो चार सेकंदांत पुन्हा उठला, कारण कोणी बंद केलं तर आपोआप उठायचं, असं त्याला गेल्या महिन्यात ठोक्यानंच मोठ्या कौतुकानं शिकवलं होतं. कसं शिकवलं, ते मात्र आता आठवेना.

"अरे, चालू पंप उघडायचा नसतो," काका म्हणाले. "आम्हाला पहिल्याच दिवशी दम भरतात."

"काका, प्लीज. एकदा वाजवा, आवाज येतोय का बघतो."

काकांना थोडंसं वाजवणं जमत नसे. आवाज तपासायलाही ते चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत. आवाज येत नसे. ठोक्या काहीतरी बदले. काका पुन्हा पहिल्यापासून.

मदतीसाठी ठोक्यानं मोबाइलवर एक फोरम उघडला. तिथे हाच प्रश्न होता आणि त्याला एकोणीस उत्तरं होती. सतरा जण एकमेकांशी भांडत होते. अठराव्यानं लिहिलं होतं, "मी लॅपटॉप विकला आणि बासरी घेतली." एकोणिसावा विचारत होता की बासरी कितीला पडली.

बारा वाजता ठोक्यानं लॅपटॉप बंद करून चालू केला. आता यादीत एकच स्पीकर होता आणि त्याचं नाव होतं 'डमी'. म्हणजे आवाज खुशाल पाठवा, आम्ही तो कुठेही पोचवणार नाही. ठोक्यानं कपाळ टेबलावर आपटलं. तेही तालात.

चौदाव्या खेपेला काकांनी चाल अशी वाजवली की काकू हातातल्या पळीसकट बाहेर आल्या. लांब सूर थरथरला, थांबला.

"घेतलंस ना?" काकूंनी विचारलं.

"तेव्हा सर्व्हर बंद होता."

"मग त्या मोबाइलवर घ्यायचं की!"

"काकू, मोबाइलचा माइक बोलण्यासाठी असतो."

"आणि तुझा कशासाठी असतो? शोभेसाठी?"

"एवढं सोडवतो, मग बघ आवाज."

"अहो, उठा तुम्ही. हा तुमचे दात पडायची वाट बघतोय."

काका उठले नाहीत. रुमालानं तोंड पुसून म्हणाले, "होऊ दे त्याचं. माझंही पहिल्या पंपाचं असंच झालं होतं. गल्लीत आठ दिवस पाणी नव्हतं."

तीन वाजून पाच मिनिटांनी ठोक्याला जुन्या सर्व्हरला उठवणारी ओळ सापडली. ती त्यानं खोडली. जुना निजला, नवा उठला, साउंड कार्ड यादीत परत आलं. तडतड नाही, आणि आकडा पाच. सहा तासांत सहा मिलिसेकंद वाचले होते.

"काका! आता!"

काकांनी बत्तिसाव्यांदा क्लॅरिनेट तोंडाला लावलं. खालचा ओठ सुजून दुप्पट झाला होता. आतून नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. ती हवा फार स्वच्छ रेकॉर्ड झाली.

"दोन दिवस ओठाला विश्रांती हवी," काका म्हणाले. ते क्लॅरिनेटकडे बघतच राहिले, ठोक्याकडे नाही. "मग वाजेल. दात असले तर."

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता एक फॉर्म पुढे सरकवला. तिसऱ्यांदा वेळ बदलायची तर लेखी कारण लागतं, म्हणाल्या, आणि ते आजवर कोणाचं मंजूर झालेलं नाही. फॉर्मवर तीन चौकोन होते: ताप, प्रवास, मृत्यू. त्याखाली 'इतर', आणि एक बोटभर रेघ. आतून डॉक्टरीणबाईंनी काकांचं नाव पुकारलं. ठोक्यानं रेघ सोडून सरळ मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं:

विषय: वरचे पुढचे दोन दात तोंडातच ठेवण्यास मुदतवाढ मिळण्याबाबत.

महोदया, सदर दात सडलेले असून ते काढणे आवश्यक आहे, याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि, अर्जदाराच्या लॅपटॉपमधील ऑडिओ सर्व्हर आज दुपारी ३.०५ पासून सुरळीत सुरू झाला असल्याने, सदर दातांना आणखी अठ्ठेचाळीस तास आहे त्या जागी हलत राहण्याची परवानगी देण्यात यावी, आणि तोपर्यंत दातांनी आपण होऊन पडू नये असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून काढण्यात यावेत, ही नम्र विनंती.