सोपटाची गाठ आणि हाशमचा बोल्ट

मी एक जुना टेम्पो आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला हळू बोलता येत नाही. बोललो की चार शेतं पलीकडे ऐकू जातं. त्यापायी एकदा मरता मरता वाचलो, तेवढं ऐका.

माझं इंजिन कारखान्यात झालं, पण लाकडी बॉडी बांधली जळगावच्या सुतारानं. मागच्या फळीवर त्यानं केळीचा घड रंगवला होता, असा पिवळाजर्द की शेळ्या थांबून बघायच्या. माझा मालक रूपचंद रावेरजवळच्या खेड्यातला. बागेतून घड भरायचे आणि रावेर स्टेशनवर दिल्लीच्या वॅगनीपाशी नेऊन टाकायचे, हे आमचं काम. केळी एकदा कापली की ती कुणासाठी थांबत नाही, म्हणून मीही कधी थांबलो नाही. दसऱ्याला रूपचंद मला झेंडूची माळ घालायचा आणि कपाळावर हळदकुंकू लावायचा. फार बरं वाटायचं हो!

मग सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात माझ्या इंजिनाचा पट्टा ओरडायला लागला. पट्टा म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी असतो तो, पंखा आणि डायनामो फिरवणारा. किंऽऽऽ! सकाळी किल्ली फिरवली की गाव जागं व्हायचं. माणसं हसायची, "आला बघा रूपचंदचा मोर!" रूपचंदला लाज वाटायची. त्यानं पट्ट्यावर साबण घासला, मग मेणबत्ती घासली. मी दोन दिवस गप्प बसायचो आणि पुन्हा सुरू. अरे, मला काहीतरी होतंय म्हणून मी ओरडत होतो! पण जो तो माझं तोंडच बंद करायला निघाला होता.

एक-दोनदा मी गरम होऊन रस्त्यात बसलो आणि केळी उशिरा पोचली. शेतकरी कुरकुरू लागले, सगळ्यांत जास्त जीवरामआबा. शेवटी रावेरच्या नाक्यावरच्या हाशम भंगारवाल्याला रूपचंदनं सांगून टाकलं, "जीवरामआबाची केळी वेळेवर पोचली तर ठीक. वॅगन चुकली, तर हा टेम्पो तुझा." मी शेजारीच उभा होतो. माझ्या देखत बोलला तो.

आबाची केळी न्यायच्या दिवशी माल भरायच्या आधी रूपचंदनं वाटीभर तेल आणलं. बैलगाडीच्या घरातला माणूस! चाक कुरकुरलं की वंगण घालायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यानं पट्ट्याला छान तेल चोपडलं. आणि खरंच, माझा आवाज बंद! "बघ, कसा गुमान चाललाय," तो बायकोला म्हणाला. प्रमिलाबाई शेजारी बसल्या होत्या. त्या गावात पिठाची गिरणी चालवायच्या आणि गिरणीचं काही सामान आणायला रावेरला निघाल्या होत्या. त्या नुसत्या तेलाचा वास घेत राहिल्या.

मित्रांनो, आवाज बंद झाला होता, दुखणं नाही. तेलकट पट्टा जागच्या जागी घसरत होता आणि पंखा नीट फिरतच नव्हता. माझ्या डोक्यात पाणी उकळायला लागलं. मी ठरवलं, काही झालं तरी रावेर गाठायचं. चढ चढलो, नाला ओलांडला, पण नाक्यावर वाफेचा लोट उठला आणि मी थांबलो. थांबलो तोही कुठं? हाशमच्या फाटकासमोर!

हाशम बाहेर आला आणि हसू दाबत म्हणाला, "रूपचंदभाऊ, इतकी घाई? घरपोच आणलात!"

रूपचंदचा चेहरा उतरला. त्यानं सीटखालून पुन्हा तेलाची वाटी काढली. तेव्हा प्रमिलाबाई खाली उतरल्या आणि त्यांनी ती वाटी हिसकावून घेतली.

"अहो, गिरणीचा पट्टा ओरडला तर मी त्याला तेल पाजते का? तेल लागलं की पट्टा घसरतो न् जातं उभं राहतं. आधी गाडी थंड होऊ द्या."

मी निवल्यावर त्यांनी पदर खोचला आणि पट्ट्यावर अंगठा दाबला. तो केवढा आत गेला! मग डायनामोपाशी वाकून बघितलं. प्रमिलाबाईंचं माहेर धुळ्याकडचं, चिडल्या की तिकडची बोली बाहेर यायची.

"हाई काय शे?"

डायनामोला ताणून धरणारा बोल्टच तिथं नव्हता. तो उन्हाळ्यात कुठंतरी पडला होता आणि रूपचंदनं केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीची, गाठ मारून काम भागवलं होतं. आमच्याकडे माणसं सोपटानं घड बांधतात, फाटक बांधतात, तुटलेली चप्पलसुद्धा बांधतात. पण ती गाठ वाळली, सैल पडली आणि तिच्यासोबत पट्टाही.

"मी तात्पुरतं बांधलं होतं," रूपचंद पुटपुटला.

"बठ्ठा कारभार, सगळाच्या सगळा, सोपटावर! पट्टा ढिला शे, ढिला! म्हणून ओरडत होता बिचारा." मग त्या हाशमकडे वळल्या. "हाशमभाऊ, एक बोल्ट द्या. तेल न लागलेला पट्टाही द्या. आबाची केळी वॅगनीत चढल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

हाशम माझ्याकडे बघत राहिला. बोल्ट दिला नाही तर मी त्याचाच होतो, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं.

"भाभी, भंगार म्हणजे मेलेली गाडी," तो म्हणाला. "ही जिवंत आहे. जिवंत गाडी मी तोडत नाही."

आत एक माझ्याच वयाचा मोडका टेम्पो उभा होता. हाशमनं त्याचा पट्टा आणि बोल्ट काढून आणला. प्रमिलाबाईंनी पुलीच्या खाचेतलं तेल राखेनं आणि फडक्यानं पुसून काढलं. हाशमनं टामीची लोखंडी कांब लावून डायनामो ताणून धरला, रूपचंदनं पाना फिरवून बोल्ट आवळला. प्रमिलाबाईंनी पुन्हा अंगठा दाबला. आता पट्टा जेमतेम पेरभर आत गेला. रेडिएटरात पाणी भरून किल्ली फिरवली. किंऽऽ नाही, काही नाही! असा सुटलो म्हणून सांगू, स्टेशनावर हमालांनी शेवटचा घड वॅगनीत चढवला तो माझ्याच फळीवरून.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं केळी वाहिली. रूपचंद मला पट्टा दाबून बघितल्याशिवाय सुरू करत नसे. मग इंजिन थकलं, बॉडी कुजली, आणि एके दिवशी त्यानं माझ्या कपाळावर शेवटचं हळदकुंकू लावलं आणि मला हाशमकडे पोचवलं. रडला हो तो. हाशमची दाढी आता पांढरी झाली आहे.

आज सकाळी पाचोऱ्याची एक जीप ओरडत फाटकाशी आली. ड्रायव्हरच्या हातात तेलाची बाटली! "ते तेल ठेव खाली," हाशम कडाडला आणि पाना घेऊन माझ्याकडे आला. त्याला हवा होता तो माझ्या डायनामोचा तोच बोल्ट. गंजून घट्ट बसला होता, पण मी सोडला आणि हाशमनं तो जीपला लावला.

मित्रांनो, तुमच्या घरात काही ओरडत असेल, माणूस असो की यंत्र, तर त्याला गप्प करायची घाई करू नका. त्याला काय होतंय ते आधी बघा. जीप गेली बघा आत्ताच, अजिबात आवाज न करता.