जहागीरदार हात आणि करवलीचं ताट

माझ्या नातीच्या डाव्या हाताला मी जहागीरदार म्हणते. काम काडीचं करायचं नाही, मूठ आवळून छातीशी बसायचं आणि सगळ्या घरानं त्याची सरबराई करायची. ऋतुजा आता एकोणीस वर्षांची आहे. जन्मताना तिच्या मेंदूला हवा कमी पडली, तेव्हापासून हा हात असा. डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. माझी शाळा चौथीत सुटली, पण हे दोन शब्द मी न अडखळता म्हणते. एकोणीस वर्षं जो दारात येईल त्याला तेच सांगितलंय.

गेल्या साली माझ्या नातवाचं, वरदचं लग्न ठरलं. आमच्यात नवरदेवाच्या मागं त्याची बहीण करवली म्हणून चालते. दोन्ही हातांत ताट, ताटात पाण्यानं भरलेला तांब्या, वर नारळ, पुढं तेवता दिवा. मांडवात पोचेपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. सुपारी फुटली त्याच दिवशी मोहोळची माझी धाकटी जाऊ बजाबाई पाय पसरून बसली.

"आक्का, करवलीला आमची नात श्रावणी घ्या की. ऋतुजाला कशाला तरास? हात हा असा."

"हात कसा हाय ते मला म्हाईत हाय," मी म्हणलं. "सख्खी बहीण घरात असताना करवली मोहोळहून मागवायची, मग नवरदेव तरी घरचा कशाला? तो मोडनिंबहून आणू."

बायका हसल्या. माझं तोंड गोड झालं. चहाच्या कपबशा उचलताना ऋतुजा हळूच म्हणाली, "आज्जे, शब्द तू दिलास. ताट मला धरायचंय."

"तुला नको व्हतं का?"

"लई हवंय. म्हणून तर भ्या वाटतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी तालीम सुरू केली. तिच्या हातात स्टीलचं ताट, त्यात पाण्याचा तांब्या. मी मागून चालायची आणि ओरडायची, "हाताकडं बघ. डाव्याकडं बघ. लक्ष दे." ती बिचारी टक लावून बघायची. ती जितकं बघेल तितका जहागीरदार ताठ. कोपर वर, मनगट आत, तांब्या खाली. आठ दिवसांत माझी फरशी जेवढी धुतली गेली तेवढी दिवाळीलाही धुतली जात नाही.

शेवटी तिला व्यायामाच्या पोराकडं नेलं. पोरगा म्हणजे अवधूत, फिजिओथेरपीवाला, दाढी राखून मोठा दिसायला बघतो. त्यानं टेबलावर मधोमध आरसा उभा केला. उजवा हात आरशापुढं, डावा आरशामागं. म्हणाला, आरशात बघत दोन्ही हात गोल फिरव. आरशात उजव्याचंच रूप दिसतं, पण बघणाऱ्याला वाटतं डावाच झ्याक फिरतोय.

"आरशानं हात सुधारला असता," मी म्हणलं, "तर न्हाव्याच्या दुकानातून माणसं पैलवान होऊन बाहेर पडली असती."

तो हसला नाही. तिच्या दंडाला चिकटपट्ट्या लावून, हात किती जोर लावतो त्याच्या संगणकावरच्या रेघा त्यानं मला दाखवल्या. डावा हात डोळ्यांसमोर असला की रेघा बाभळीच्या काट्यासारख्या. आरसा लावला की निम्म्यानं खाली. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. आरशामागं डोकावले तर जहागीरदाराची मूठ थोडी उघडली होती.

"आजी, तिचा हात गरजेपेक्षा जास्त जोर लावतो," अवधूत म्हणाला. "नीट चाललेला हात डोळ्यांना दिसला की तिचा जोर कमी होतो. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, आरसा काढल्यावर टिकेल असंही नाही. पण डाव्याकडे बघ म्हणून मागे लागू नका."

"आज्जे," ऋतुजा म्हणाली, "तू गप बस, असं म्हणतोय तो."

माझ्या कपाटाचा आरसा काढून आम्ही रोज तासभर तेच केलं. मी शेजारी तोंडात सुपारी धरून बसायची, म्हणजे बोलता येत नाही. ताट बरंच सरळ राहू लागलं. पण लग्नात आरसा कोण धरणार?

लग्नाच्या दिवशी कार्यालयात तिला साडी नेसवताना ती म्हणाली, "पदर पुढं ओढ. डाव्या हातावरून."

मी हात मागं घेतला. ती लहान असताना चारचौघांत मी तो हात माझ्या पदरानं झाकायची. नऊ वर्षांची असताना तिनंच पदर झटकून टाकला होता, "झाकू नको" म्हणून. त्यानंतर मी कुणापुढं तो झाकला नव्हता. आता सगळी भावकी म्हणणार, केराबाईनं नातीचा हात लपवला.

"न्हाय झाकायचा," मी म्हणलं. "लोकांना काय भ्यायचं?"

"लोकांसाठी न्हाय, आज्जे. मला तो दिसला की तो मला भितो."

मी पदर ओढला. दिव्याला लागू नये म्हणून चार पिना मारल्या.

वरद पुढं निघाला, मागं ही. तिला दिसत होता फक्त उजवा हात. बजाबाई माझ्याच शेजारी उभी, आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "शेवटी झाकावाच लागला की."

माझ्या जिभेवर चार उत्तरं आली, एकापेक्षा एक धारदार. पण मी बोलले असते तर ऋतुजानं मान वळवली असती. मी सुपारी दाढेखाली दाबली. निम्म्या वाटेत ताट कलंडलं, दिवा घसरत काठापर्यंत आला, तेल सांडलं. ती थांबली. खाली बघितलं नाही. ताट आपोआप सावकाश सरळ झालं. दिवा तेवता तेवता मांडवात पोचला. वरदच्या पाठीवर तेलाचा डाग मात्र पडला. तो फोटोत दिसतो.

पंगत उठल्यावर बजाबाई माझ्याजवळ सरकली. आवाज एकदम बारीक.

"आक्का, तो आरसा म्हणं... माझा उजवा खांदा वर जात न्हाय. चालंल का मला?"

"इचारायला काय जातंय," मी म्हणलं. "अवधूतचा नंबर देते. पण आधी सुपारी घे तोंडात. माझा अर्धा उपचार त्याच्यातच झाला."