शेवटचे भोक

मित्रांनो, मी एक जुना प्रेस आहे. छापखान्यातला नव्हे आणि इस्त्रीवाल्याचा तर नव्हेच. झाडे-रोपे दाबून वाळवायचा साधा लाकडी प्रेस. दोन जाळीदार फळ्या, मध्ये टीपकागदांची चळत आणि सगळ्यांना आवळून धरणारा चामड्याचा एक पट्टा, एवढाच माझा संसार. बरीच वर्षे माझा मुक्काम एका कपाटाच्या माथ्यावर, जुन्या बॅगेखाली होता. माझी तक्रार नाही. पण वजन म्हटले की मला ती बॅग आठवत नाही, एक हाडकुळा गुडघा आठवतो.

माझा जन्म एका विद्यापीठाच्या सुतारखान्यात झाला. सुताराने माझ्या कडा इतक्या निगुतीने घासल्या, की पुढे कुणाच्या बोटात कधी कुसळ गेले नाही. तिथून मी वनस्पतिशास्त्र विभागात आलो. मुले ओली पाने-फुले आणून माझ्या कागदांत पसरत, कागद पाणी पीत आणि रोपटे हळूहळू वाळून जन्मभर टिकण्याजोगे होई. एकच पथ्य होते: कागद रोज बदलायचे, ओले काढायचे आणि कोरडे घालायचे. त्यात हयगय झाली की आत बुरशी धरते.

आणखी एक सांगायचे राहिले. मला नीट आवळायला दोन माणसे लागतात. एकाने माझ्यावर गुडघा रोवायचा आणि दुसऱ्याने पट्टा खेचायचा, तेव्हा कुठे बक्कल शेवटच्या भोकात बसते. एकट्याने कितीही जीव काढला तरी ते अलीकडच्या भोकातच अडते.

एका वर्षी मॅडमनी बाकांप्रमाणे जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला दोन मुली आल्या. एक इतकी उंच, की वर्ग तिला ‘शिडी’ म्हणे. दुसरी लहानखुरी, मान खाली घालून सतत काही ना काही करत राहणारी, म्हणून ती ‘मुंगी’. दोघी एका बाकावर बसत, एकमेकींकडे पेन मागत, ‘आज तास आहे का’ म्हणून विचारत, आणि तास सुटला की दोन दिशांना जात. अशा ओळखी विद्यापीठात पैशाला पासरी असतात.

सुट्टी लागण्याआधी दोघींनी तळ्यातून एक दुर्मीळ पाणवनस्पती आणली. मॅडम खूश झाल्या, “दोघी मिळून लक्ष ठेवा” म्हणाल्या आणि गेल्या. आता गंमत बघा. मुंगीला वाटले, शिडी वसतिगृहात राहते, तिला विभाग चार पावलांवर, ती बदलेल कागद. शिडीला वाटले, मुंगी एवढी काटेकोर, ती माझ्या धसमुसळ्या हातांना हे काम करू देईल होय? विचारायला दोघींना संकोच वाटला. ओळख होती, पण तेवढी नव्हती. आणि मी विभागातल्या टेबलावर ओल्या कागदांनिशी वाट बघत पडलो. रोज दाराचा आवाज झाला की वाटे, आल्या. पण झाडणारे काका आलेले असत.

सुट्टी संपली, पट्टा सुटला आणि कुबट वास खोलीभर पसरला. रोपटे काळेठिक्कर पडले होते. मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढत तेव्हा कुणाची तरी खैर नसे.

“कागद कुणी बदलायचे होते?”

“मी,” दोघी एकदम म्हणाल्या.

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मला वाटते, पेनाच्या पलीकडचे असे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. मॅडमनी पुन्हा चष्मा घातला आणि दोघींना परत चिखलात उतरायला सांगितले.

मैत्री काही त्या दिवशी झाली नाही. मैत्री अशी फटकन होत नसते, ती माझ्यातल्या पानासारखी सावकाश मुरते. पण त्या दिवसापासून दुपारी दोघी कागद बदलायला मिळून येऊ लागल्या. शिडी गुडघा रोवी, मुंगी दात-ओठ खाऊन पट्टा खेची आणि बक्कल शेवटच्या भोकात बसले की दोघी ‘हुश्श’ करून तिथेच फरशीवर बसत. आधी बोलणे झाडांचे असे. मग मुंगीच्या आजारी वडिलांचे निघाले. शिडीने ते ऐकले, सल्ला मात्र एकही दिला नाही. मग शिडीने सांगितले, की घरी तिची आठवण कुणालाच फारशी येत नाही. मुंगीनेही सल्ला दिला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोघींपुरते आणू लागली. मधे एकदा दोघींचे कडाक्याचे भांडण झाले. अबोला धरला, तरी कागद बदलायला दोघी वेळेवर हजर होत्या. बोलायचे नाही, पण पट्टा मिळून ओढायचा, असा तो थाट. शेवटी शिडीलाच हसू फुटले.

त्या वर्षांत माझ्या पोटातून निघालेली रोपटी पाहायला बाहेरगावचे लोक येत. सगळे तोंडभरून कौतुक करत. मला त्या कौतुकापेक्षा ते ‘हुश्श’ अधिक आवडे.

पुढे शिडीला लांबच्या देशातल्या जंगलात काम मिळाले. निघायच्या दिवशी तिने गुडघा रोवला, मुंगीने पट्टा खेचला आणि दोघींपैकी कुणालाच उठवेना. मुंगी त्याच विभागात शिकवायला लागली. काही वर्षांनी तिथे वाळवणीचे विजेचे यंत्र आले आणि माझी रवानगी भंगारात ठरली. मुंगीने मला काखोटीला मारून घरी आणले. तिच्या नवऱ्याने मला कपाटावर जागा करून दिली आणि माझ्यावर बॅग ठेवली. माणूस भला आहे, पण त्याला रिकामी जागा बघवत नाही.

सुरुवातीला शिडीचे फोन येत. खोलीभर हसणे उसळे. मग ते सणावारी येऊ लागले, मग थांबलेच. एकदा नवऱ्याने विचारले, की हल्ली तुझ्या शिडीचा फोन नाही. मुंगी म्हणाली, “ती करेल. मागचा मीच केला होता.” मित्रांनो, माझ्या फळ्या आहेत, कान नाहीत, पण हे ‘ती करेल’ मी आधी भोगले होते. त्या सुट्टीत दाराच्या आवाजाची वाट बघताना जो ओलावा मला छळत होता, तोच पुन्हा जाणवला. मला ओरडून सांगावेसे वाटले, अगं बाई, आत बुरशी धरतेय. पण लाकडाला बोलता कुठे येते.

मागच्या महिन्यात ती विद्यार्थ्यांबरोबर तळ्यावर गेली होती. येताना तीच पाणवनस्पती घेऊन आली. मला खाली काढले, धूळ पुसली, कागद घातले. स्वतःच गुडघा रोवला आणि स्वतःच पट्टा ओढला. बक्कल अलीकडच्या भोकात अडले. मग परीक्षा आल्या, पाहुणे आले आणि कागद बदलायचे राहून गेले. उघडून पाहते तो रोपटे काळे. तोच वास. ती फरशीवर बसून राहिली, खूप वेळ. नवरा चहा ठेवून गेला, तो निवला. मग तिने शिडीला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली.

“कागद कुणी बदलायचे होते गं?” तिने एवढेच विचारले.

 पलीकडून शिडीचा आवाज आला, जरा जाडसर झालेला.

“मी.”

“नाही गं, मी,” मुंगी म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाकीचे बोलणे मी तुम्हाला सांगत नाही, ते त्यांचे आहे. शिडी येणार आहे म्हणे, पण रजा मिळाली की. कधी मिळेल, तिलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे सांगायला मी आलो नाही. मला जपले नाहीत तर फार तर जळणाला जाईन. पण तुमच्याजवळ कुणी दुसऱ्या टोकाने पट्टा धरणारे असेल, तर ‘ती करेल, तो करेल’ म्हणून बसून राहू नका. आधी तुम्ही हाक मारा.

मी परत कपाटावर गेलो नाही. खिडकीजवळच्या टेबलावर असतो. तळ्यावरचे नवे रोपटे माझ्या पोटात आहे. पट्टा अजून सैल आहे, शेवटचे भोक रिकामेच आहे. पण रोज दुपारी मुंगी फोन कानाला लावून येते, बोलता बोलता ओले कागद काढते आणि कोरडे घालते.