घड्याळजीच्या उजव्या डोळ्यावरचे भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. घड्याळजी एका डोळ्यावर बसवून घड्याळाच्या पोटात पाहतात ना, तेच. एका कारागिराने माझी काच घासून गुळगुळीत केली आणि मला काळ्या नळकांड्यात बसवले. मला ना दोरी, ना दांडी. भुवई आणि गाल यांच्या चिमटीत मी राहायचे. माझ्या मालकाचा उजवा डोळा हेच माझे घर होते.

केसाएवढी स्प्रिंग मी त्याला दोरखंडाएवढी दाखवत असे. "हा माझा तिसरा डोळा," असे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे. शेजारचा शिंपी लगेच ओरडे, "उघडू नका बुवा, माझी कापडं पेटतील!"

एके सकाळी माझी कड कशाला तरी टेकली. वरच्या पापणीवर मसुराएवढी गाठ आली होती. लालसर जांभळी, चकचकीत.

"रांजणवाडी असेल. शेक घ्या," त्याची बायको म्हणाली.

"दुखत तर नाही. जाईल आपोआप."

ती गेली नाही. मी रोज तिच्यावर टेकत होते आणि ती माझ्याखाली वाढत होती. जवळच्या डॉक्टरांनी साधी गाठ समजून ती काढून टाकली. थोड्याच दिवसांत ती त्याच जागी पुन्हा उगवली, आधीपेक्षा मोठी. मालकाची मुलगी त्याच्याच शेजारी बसून काम करी. तिने हातातला चिमटा खाली ठेवला आणि दुकानाचे दार ओढून घेतले.

"बाबा, काढलेली गाठ परत येते म्हणजे काय? उठा. मोठ्या दवाखान्यात चला."

त्याने मला खिशात टाकले. का, कोण जाणे. गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हाही मी खिशातच होते.

"हा त्वचेचा कर्करोग आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फार क्वचित होतो, पण झपाट्याने पसरतो. पापणीवर तर तो साध्या गाठीसारखा दिसतो. भलेभले फसतात."

"डोळा राहील?" त्याने एवढेच विचारले.

"डोळा वाचवू. पापणी मात्र पूर्वीसारखी राहणार नाही."

शस्त्रक्रिया झाली. कापलेल्या पापणीच्या जागी गालाची कातडी ओढून बसवली. मग किरणांचे उपचार झाले. घरी सगळ्यांना हायसे वाटले, तोच जबड्याखाली दुसरी गाठ हाताला लागली. आता शिरेतून औषध सुरू झाले. शरीराची स्वतःची ताकद जागी करून रोगाशी लढवणारे औषध, असे बाईंनी समजावले. तो पार गळून गेला. घोटभर पाणीही नको म्हणे. पण गाठ हळूहळू विरली.

"तपासणीत आता काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "तरी तपासण्या सोडायच्या नाहीत." 'बरे झालात' असे काही त्या म्हणाल्या नाहीत.

तो दुकानात परतला. खुर्चीत बसताच त्याने मला उजव्या डोळ्यावर धरले आणि हात सोडला. मी टेबलावर पडले. नव्या कातडीला मला धरून ठेवता येईना. त्याने पुन्हा लावले, मी पुन्हा पडले. मग त्याने मला शर्टाच्या टोकाने पुसले आणि मुलीपुढे ठेवले.

"बघ, तुला बसतंय का."

मी तिला बसले. घड्याळे दुरुस्त होतात, गिऱ्हाइके येतात. शिंप्याची थट्टा मात्र बंद झाली आहे. बोलता बोलता मालकाची बोटे मानेकडे जातात आणि तिथे चाचपत राहतात.

मित्रांनो, माझ्या काचेवर धूळ बसली तर मऊ फडक्याने पुसा, एवढेच माझे मागणे. पण आपल्या माणसाच्या अंगावर काही नवे दिसले, झपाट्याने वाढू लागले, तर ते दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर दाखवा.

सुट्टीच्या दिवशी मुलगी बापाला खिडकीशी बसवते. मला डोळ्यावर लावून त्याची पापणी, कानामागची जागा, मान सावकाश पाहते. तो डोळे मिटून श्वास रोखतो.

"काही नाही, बाबा."

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"अजून एकदा बघ ना."

ती मला पुसते आणि पुन्हा वाकते.