चौथी गाठ

मी एक जुना मुकुट आहे. मित्रांनो, सोन्याचा समजू नका. मोर्शीजवळच्या एका गावात डोमाजी शिंप्यांनी १९५० साली कापडाच्या ठाणातला पुठ्ठा कापून मला घडवले, वर सोनेरी कागद डकवला आणि मागे लाल नाडी ओवली. गावच्या नाटक मंडळात मुकुट एकच होता. म्हणून वेगवेगळ्या डोक्यांच्या मापाने नाडीला चार गाठी मारल्या.

पहिली गाठ बाळकृष्णाची. ती सहा वर्षांच्या सुभद्रेच्या डोक्याला बसली. प्रवेश संपण्याआधीच तिने मडक्यातले खरे लोणी फस्त केले. त्या वयात सगळे जग आपलेच मडके वाटते. दुसरी अभिमन्यूची. ती पुंजारामची, तेव्हा सोळा वर्षांचा. त्याच्या कपाळाची शीर माझ्या कडेखाली उडत असे. आत शिरायचे एवढेच त्या वयाला ठाऊक. बाहेर कसे पडायचे, हे कोण विचारतो? तिसरी गाठ रामाची, दिलेला शब्द पाळण्याच्या वयाची. ती सुभद्रेच्या वडिलांची, खुशालरावांची. टाळ्या त्यांना पडत आणि चमकत मी असे.

चौथी, दशरथाची गाठ म्हाताऱ्या केशवरावांची होती. १९६२ साली ते वारले. रामनवमीच्या आधी डोमाजींनी मला खुशालरावांपुढे धरले.

"खुशालभाऊ, औंदा दशरथ तुमी. राम पुंजाराम करन."

"काहून? मी मेलो काय?"

"मेले नाई. पन गुडघे वाजून राह्यले तुमचे. राम वनवासाले निघाला का दवाखान्यात, लोकाइले समजत नाई."

खुशालराव मला रागाने घरी घेऊन गेले. तिथे दुसरेच संकट होते. सुभद्रेला अकोल्यात मास्तरणीचे शिक्षण घ्यायचे होते आणि अर्जावर वडिलांची सही हवी होती.

"बाबा, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख हाय. हो म्हना, नाई तं नाई म्हना."

ते अर्ज बाजूला सारून उठले. आरशासमोर मला तिसऱ्या गाठीवर बांधून पाहत राहिले.

रामनवमीची दुपार आली. राम वनवासाला निघाला म्हणून बिनमुकुटाचा, आणि मी कुरकुरत दशरथ झालेल्या खुशालरावांच्या डोक्यावर, चौथ्या गाठीवर. "रामा, जाऊ नकोस," असे म्हणायचे होते. खुशालराव ओरडले, "सुभे, जाऊ नको!"

मंडप हसला. पुंजाराम गोंधळून उभा राहिला. बायकांमध्ये बसलेल्या सुभद्रेने मान खाली घातली. खुशालरावांचा हात माझ्यापर्यंत आला आणि परत खाली गेला.

"बरं, जाय," ते हळू म्हणाले. "पन पत्र टाकत जाजो."

"वनवासात पोस्टमन जाते काय हो?" मागून कोणीतरी विचारले. आता खुशालरावही हसले. पडदा पडल्यावर मला न उतरवताच त्यांनी डोमाजींच्या ट्रंकेवर सुभद्रेचा अर्ज ठेवून सही केली.

त्यानंतर सहा वर्षे ते आनंदाने दशरथ झाले. पत्राचे ते वाक्य ऐकायला शेजारच्या गावचे लोक येत. रामाच्या कामात पुंजारामने उभे कसे राहायचे, हे तेच शिकवत.

आता ते नाहीत. मी अकोल्यात सुभद्राबाईंच्या शाळेच्या कपाटात असतो. माझा कागद सुटला आहे, पण पहिल्या गाठीवर नवी नवी डोकी बसतात, आणि मला बरे वाटते.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा. नाडी तुटली तर खुशाल नवी ओवा. फक्त तिला चारही गाठी मारा. चौथी आपल्याला लागणार आहे, असे लहानपणी कोणालाच वाटत नाही.