गुडघ्याच्या उंचीवरून

अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री जिथे जन्माला येतात आणि शिकून तयार होतात, त्या संस्थेत तिला सगळे ताटलीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट, एकच काम अठरा वर्षं मन लावून केल्याशिवाय असं नाव मिळत नाही, असं ती ऐटीत सांगायची.

काम मात्र ऐकणाऱ्याला हसू यावं असं होतं. बहुतेक पिल्लं थेट प्रशिक्षणाला जात. पैदाशीसाठी हेरलेलं एखादं पिल्लू सात आठवड्यांचं झालं की ताटलीबाई त्याला एकट्याला एका रिकाम्या खोलीत न्यायची. एक बाक, एक खिडकी आणि फरशी, बाकी काही नाही. पिल्लू हुंगण्यात गुंगलं की त्याच्या मागे कमरेच्या उंचीवरून ती स्टीलची ताटली सोडायची. खणकन आवाज व्हायचा आणि पिल्लू टुणकन उडायचं. दचकण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दचकत तर आपणही. प्रश्न असायचा पुढचा. दचकलेलं पिल्लू किती सेकंदांत परत येऊन ताटलीला नाक लावतं? पाचाच्या आत आलं, तर ते पुढे पैदाशीसाठी राखायचं. बाकाखाली जाऊन बसलं, तर मोठं झाल्यावर त्याची नसबंदी करून एखाद्या प्रेमळ घरी पाळायला द्यायचं. आणि ताटली टाकायची एकदाच. दुसऱ्या वेळी आवाज ओळखीचा झालेला असतो, मग पिल्लू जे दाखवतं ते त्याचं शहाणपण असतं, स्वभाव नसतो.

पैदाशीचा विभाग बघणाऱ्या डॉक्टरीणबाई नव्या माणसांना हेच समजावून सांगत. "कुत्रं काय शिकलं ते पिल्लांत उतरत नाही. घाबरटपणा मात्र उतरतो. शिकवून तो झाकता येतो, काढता येत नाही. म्हणून मला शिकवण्याच्या आधीचं पिल्लू बघायचं असतं." मग ताटलीबाईकडे हात करून म्हणत, "आणि यांनी लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

हे ऐकून ताटलीबाईच्या अंगावर पूर्वी मूठभर मांस चढायचं. गेली पाच वर्षं मात्र ते ऐकलं की तिला काहीतरी काम आठवायचं आणि ती खोलीबाहेर पडायची.

कारण ती रेघ तिने एकदा पुसून नवी ओढली होती.

थोरली नावाची एक कुत्री होती. संस्थेतल्या निम्म्या गुणी कुत्र्यांची आई किंवा आजी. पिल्लं होण्यापुरती संस्थेत, एरवी ती ताटलीबाईकडेच राहायची, आणि नवरा गेल्यावर त्या घरात दुसरं कोणी श्वास घेणारं असेल, तर ती थोरलीच. तिच्या शेवटच्या खेपेला एकच मादी झाली. ती सगळ्यांचं शेंडेफळ, म्हणून नावही शेंडेफळच पडलं. पिल्लू सात आठवड्यांचं होण्याआधीच थोरली गेली.

चाचणीच्या दिवशी ताटली पडली आणि शेंडेफळ बाकाखाली गेलं. एक मिनिट झालं, दोन झाली. ताटलीबाईने जमिनीवर बसून हाका मारल्या, चुचकारलं, शेवटी हात घालून बाहेर काढलं. ते लटलट कापत होतं. आता वहीत काय लिहायचं हे तिला ठाऊक होतं, आणि ते लिहिलं की थोरलीचा वंश संपला हेही ठाऊक होतं. थोरलीची बाकीची लेकरं-नातवंडं एकतर म्हातारी झाली होती, नाहीतर नसबंदी होऊन कामाला लागली होती. तिने पिल्लाला दहा मिनिटं पोटाशी धरलं. मग खाली सोडलं, ताटली उचलली आणि कमरेवरून नाही, गुडघ्यावरून सोडली. तीही शेजारच्या खोलीतून आणलेल्या, दुमडलेल्या सतरंजीच्या काठावर. धप्प झालं. शेंडेफळाने मागे वळून बघितलं आणि येऊन ताटलीला नाक लावलं. तिने वहीत लिहिलं: तीन सेकंद.

एवढंसंच तर केलं होतं. कोणाचा खून पाडला नव्हता. पहिली दोन वर्षं ती स्वतःला असंच सांगत राहिली, आणि ते पटतही होतं.

शेंडेफळाला दोन खेपांत तेरा पिल्लं झाली. घराणं उत्तम, म्हणून ती सगळी संस्थेतल्या सगळ्यात हुशार प्रशिक्षकाच्या हाती दिली गेली. हा प्रशिक्षक म्हणजे ताटलीबाईचा धाकटा दीर. आडदांड अंगाचा, खळखळून हसणारा माणूस. गेटाबाहेर त्याने हाक मारली तर आतल्या खोल्यांत झोपलेली कुत्री उठून उभी राहायची. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून वाया गेलेली कुत्री बोटांवर मोजता आली असती. या तेरांपैकी आठ वाया गेली. मैदानात शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर ट्रकने भोंगा वाजवला की पाय रोवून थरथरत उभी राहायची.

डॉक्टरीणबाईंनी बैठक बोलावली आणि कागद काढून बघितले. आईची नोंद तीन सेकंद, बापाची दोन. रक्त तर स्वच्छ होतं. मग उरलं काय? शिकवणाऱ्याचा हात.

त्या बैठकीत कोणीतरी हळूच म्हणालं, आवाजही जरा मोठाच आहे त्यांचा. तेव्हा ताटलीबाई गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं, आणि तोंडातून शब्द गेले, "भाऊजी, तुमचा आवाज कधीकधी अगदी मामंजींसारखा लागतो. जरा हळू बोलून बघा ना."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. त्यांच्या आवाजाने जेवणाच्या टेबलावरची माणसं घास हातात धरून बसायची. हा धाकटा मुलगा लहानपणी त्यांची चाहूल लागली की कपाटाआड जायचा, हे तिला सासूनेच सांगितलं होतं. सगळं माहीत असून ती तसं बोलली. दिराने मान हलवली. "हो वहिनी, बघतो," एवढंच म्हणाला.

त्या दिवसापासून तो कुत्र्यांशी कुजबुजायला लागला. मग माणसांशीही. त्याच्या घरी ती जेवायला गेली की जाऊबाई हसून म्हणायच्या, "यांना म्हातारपणी मवाळपणा सुचलाय बघा." ताटलीबाईही हसायची. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. दर वेळी ती भांडी घासायला उठायची.

पास झालेल्या पाच कुत्र्यांपैकी एक, पियानोचे सूर जुळवून देणाऱ्या एका अंध गृहस्थांकडे गेलं होतं. सात महिने छान चाललं. मग एका सकाळी बाजूच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं, आणि कुत्रं त्यांना ओढत भर रस्त्यात गेलं. ते मनगटावर पडले. हात प्लास्टरमध्ये घालून, बहिणीचा आधार घेत ते कुत्रं परत द्यायला आले.

"त्याला रागावू नका हं," ते म्हणाले. "त्याच्या पट्ट्याची दांडी मीच घट्ट धरली नव्हती. माझीच चूक."

दीर त्यांच्यासमोर उभा होता. कुजबुजतच म्हणाला, "नाही साहेब, तुमची कसली? मी शिकवण्यात कमी पडलो."

दोन सज्जन माणसं एकमेकांच्या हातून चूक ओढून घेत होती, आणि जिची होती ती दारात फाइल छातीशी धरून उभी होती. प्लास्टरमधून बाहेर आलेली त्या गृहस्थांची बोटं सुजली होती. त्याच बोटांवर त्यांचं पोट होतं. ताटलीबाईला स्वतःची इतकी किळस आली की तिने खरोखर तोंडावर हात दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर तिच्या चाचणीच्या खोलीत आला. हातात एक कागद होता.

"वहिनी, जरा शुद्धलेखन बघून द्या. तुमचं चांगलं आहे. डॉक्टरीणबाईंकडे द्यायचाय."

तिने वाचलं. माझ्या हाताने प्राणी भित्रे होतात असं माझ्या लक्षात आलं आहे. मला प्रशिक्षणातून काढून कोठारात काम द्यावं. खाली सही. शुद्धलेखनाची एकच चूक होती. ती दुरुस्त करायला तिने पेन उघडलंसुद्धा, इतकी सवय माणसाला असते. मग पेन मिटलं.

"हे द्यायचं नाही, भाऊजी."

"का?"

"माझ्याबरोबर चला. दोघांना एकदमच सांगते. दोनदा सांगायचं बळ नाही माझ्यात."

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिने उभ्यानेच सांगितलं. बाक, दोन मिनिटं, पोटाशी धरणं, गुडघा, सतरंजी, तीन सेकंद. काही गाळलं नाही. 'थोरलीसाठी केलं' असं म्हणणार होती, पण ते जिभेवर येताच तिला त्याचीही लाज वाटली, आणि तिने ते गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी शेंडेफळाची फाइल पुढे ओढली. मग म्हणाल्या, "शेंडेफळ पुन्हा गाभण आहे."

"माहीत आहे."

"तिच्या दोन मुलींनाही मी पैदाशीला ठेवलंय. त्यांच्या चाचण्यासुद्धा तुम्हीच घेतल्यात."

"त्या खऱ्या आहेत, डॉक्टर. देवाशपथ. कमरेवरून, एकदाच."

"ते मी आता खरं कसं धरू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज फक्त दमलेला होता. "चाव्या इथे ठेवा. बाकीचं उद्या बोलू. त्या पियानोवाल्या गृहस्थांना काय सांगायचं ते मात्र तुम्ही सांगायचं, मी नाही."

ताटलीबाईने चाव्या ठेवल्या. आता दिराकडे बघावंच लागणार होतं. तो शिव्या देईल, दार आपटेल, याची तिने तयारी ठेवली होती. तो खुर्चीच्या काठावर बसून हातातल्या कागदाकडे बघत होता.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं ते?"

"नव्हतं, भाऊजी. त्यांच्या रक्तातच होतं. तुम्ही होतात म्हणून पाच तरी निभावली."

त्याने मान डोलावली, पण समजल्यासारखी नाही. मग म्हणाला, "मुलीला बाळ झालं ना आमच्या. पाच महिन्यांचं होईल आता."

"हो."

"मी त्याला अजून घेतलेलं नाही."

बारशाला ताटलीबाईने बघितलं होतं, पुतणी बाळ पुढे करत होती आणि हा हात मागे बांधून उभा होता. पुरुषांना तान्ह्या बाळाची भीती वाटते, असं म्हणून तीही इतरांबरोबर हसली होती.

"मला वाटलं, बाबांचं काहीतरी आलंय माझ्यात," तो म्हणाला. "आवाजात, हातात. तुम्हीच म्हणालात ना. म्हटलं, मी त्यांच्याच वळणावर गेलो असेन, तर त्या लेकराला कशाला भेदरवायचं? मुलगी रडली त्यावरून. आजोबांना नातू नकोसा झालाय म्हणाली. ती आता येत नाही आमच्याकडे."

"भाऊजी, मी..."

"माफी वगैरे नको, वहिनी." तो उठला. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तुम्ही तिच्याकडे चला. आत्ता. हे सगळं तिच्यासमोर सांगा, इथे सांगितलंत तसंच. मी सांगितलं तर तिला ती सबब वाटेल."

पुतणीला ताटलीबाईने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. आख्ख्या घरात ती एकटीच, जी अजूनही कुठलीही अडचण आली की आधी काकूला विचारायची. ताटलीबाईने पर्स उचलली आणि ती दिराच्या मागोमाग जिना उतरू लागली.