बिबट्यानं फोडलेला डोळा

भैय्याजीच्या पुस्तकाचं प्रकाशन मुद्दाम मंडईच्या दिवशी ठेवलं होतं. दिवाळी झाली की आंबाटोलीत मंडईची जत्रा भरते, आजूबाजूच्या गावांतली माणसं नाटकासाठी येतात, तेव्हा टाळ्या वाजवायला हात फुकटात मिळतात. चौकात मांडव, टेबलावर 'आमची आंबाटोली' नावाच्या चकचकीत पुस्तकांची चळत, आणि मागं काळा चष्मा लावून भैय्याजी. तलावातल्या मासळीचा ठेका त्याचा, धानाची गिरणी त्याची, आता गावाचा इतिहासही त्याचाच.

मागावर कोसा रेशीम विणणारी कुंताबाई पहिल्याच रांगेत बसली होती. दुसरीपर्यंत शिकलेली बाई. अक्षराला अक्षर जोडून वाचायची, पण वाचायची. फुकट वाटलेल्या पुस्तकात बोट फिरवत तिनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव शोधून काढलं. बा-बू-लाल. छापलेलं नाव पाहून तिला आधी बरंच वाटलं. मग तिनं पुस्तक नातीपुढं सरकवलं.

"हर्षा, इथून वाच. माहे डोळे दुखून राहिले."

हर्षानं वाचलं. "'सदर बाबूलाल हा मासळी चोरताना दारूच्या नशेत तलावात बुडून मरण पावला.' आजी, जाऊ दे ना."

"आखीन काय लिवलं मुर्दाडानं?"

"'त्याच वर्षी गावात शिरलेल्या बिबट्याशी भैय्याजींनी एकट्यानं झुंज दिली. त्यात त्यांचा डावा डोळा गेला.'"

कुंताबाई हसली. ते हसणं ऐकून शेजारच्या दोन बाया उठून लांब जाऊन बसल्या.

खरं काय ते त्या दिवशी तलावाच्या पाळीवर, बांधावर, उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हर्षा तेव्हा पाळण्यात होती. बाबूलालनं जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. तलाव गावाचा आहे म्हणत त्यानं गळ टाकला, एवढाच त्याचा गुन्हा. भैय्याजीच्या माणसांनी लाठ्यांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, आणि भैय्याजीनं पाठीवर गुडघा देऊन त्याचं तोंड चिखलपाण्यात दाबून धरलं. आरडाओरडा ऐकून कुंताबाई मागावरून उठली ती तशीच धावली, हातात धोटा. आडवं सूत या काठावरून त्या काठावर नेणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. तिनं तो भैय्याजीच्या डोळ्यात खुपसला आणि फिरवला. रक्त तिच्या कोपरापर्यंत आलं. पण तोवर बाबूलालचे पाय झाडायचे थांबले होते.

ठाण्यातल्या साहेबानं बुडून मृत्यू लिहिला. साक्षीला कुत्रंही आलं नाही. आणि डोळ्याची तक्रार भैय्याजीनं केलीच नाही. कोणत्या तोंडानं करणार? बाईनं डोळा फोडला म्हणायचं, तर तेव्हा तू कोणाच्या पाठीवर बसला होतास, हेही सांगावं लागलं असतं. शिवाय एवढा मिशीवाला माणूस बाईच्या हातून काणा झाला म्हणजे बाजारात पोरं मागं लागली असती. त्यापेक्षा बिबट्या बरा.

कुंताबाई उठली, टेबलापाशी गेली, पुस्तकांची चळत कवेत घेतली आणि जिलेबीवाल्याच्या भट्टीत लोटली. परत आली, दुसरी चळत उचलली. तेव्हा कुठं लोकांना कळलं काय चाललंय ते. भैय्याजीचा मुलगा बंटी मांडव ओलांडून धावला आणि त्यानं तिच्या तोंडावर लाथ घातली. पुढचे दोन दात पडले. ते तिनं त्याच्याच शर्टावर थुंकले.

"घे! तुह्या बापाच्या पुस्तकात चिपकव."

पुढं तिनं एकच धंदा धरला. घरोघर जायचं, पुस्तक मागायचं, नाही दिलं तर ओढायचं. कोणाची कोठी उपसली, कोणाच्या देवघरातून काढलं. सिहोऱ्याला तिच्या सख्ख्या विहिणीनं पुस्तक छातीशी धरलं, तर कुंताबाई तिच्या मनगटाला चावली. आणलेलं सगळं चुलीत गेलं. शेवटी विळा पदरात घेऊन ती मोहाडीला निघाली, छापखान्यात. आजीला एकटी सोडायची भीती, म्हणून हर्षा मागं मागं.

छापखान्याचा मालक प्रफुल्ल चहा पीत होता. विळ्याचं पातं गळ्याला लागलं तेव्हा चहा त्याच्या मांडीवर सांडला.

"उरलेले काढ."

"नाईत काकू! सारे भैय्याजीनं नेले. चारच बाहेर गेले."

"कुठं?"

"कलकत्त्याले, मुंबईले, दिल्लीले, चेन्नईले. कायदा हाय तसा. जे पुस्तक छापून निघन, त्याची एकेक प्रत तिथल्या ग्रंथालयात धाडाच लागते. कलकत्त्याचं तर अख्ख्या देशाचं ग्रंथालय."

"वापस मागव."

"येत नाई ना वापस!"

तिनं पातं थोडं आत दाबलं. त्याच्या गळ्यावर लाल रेघ उमटली.

"मान कापली तरी येत नाई, काकू! ठेवतेत ते. आपण मेलो, आपले नातू मेले, तरी रायते तिथं."

"खोटं असलं तरी?"

"खरं-खोटं ते पाहत नाईत. छापलं, मंग ठेवलं."

विळा खाली आला. कुंताबाई कागदाच्या रिमावर मटकन बसली. पाळीवर ज्यांनी पाहिलं ते सगळे एक दिवस मरणार. तीही मरणार. मग कोणीतरी पोरगं तिकडं कलकत्त्याला पान उघडणार, आणि बाबूलाल चोर ठरणार. सांगायला कोणी उरणार नाही. दात पडले तेव्हा न रडलेली बाई तिथं रिमावर बसून रडली, आणि प्रफुल्ल रुमालानं गळा दाबून बघत राहिला.

मग तिनं नाक पुसलं. "का बे, माहं पुस्तक छापलं, तर तेबी ठेवतीन?"

"ठेवाच लागन. पण भैय्याजी मशीन फोडन माही."

"तो उद्या फोडन. मी आज फोडू का?"

प्रफुल्लनं विळ्याकडं पाहिलं आणि छापायचं कबूल केलं.

कुंताबाई सांगत गेली, हर्षा लिहीत गेली. लाठ्या कोणाच्या, गुडघा कोणाचा, पाळीवर कोण कोण उभं होतं, सगळं नावागावासकट. धोट्यापाशी हर्षाचा पेन थांबला.

"आजी, डोळ्याचं नको. तुह्यावर केस होईन."

"होऊ दे ना पोरी. कोर्ट इचारन, बाई, तू तिथं काहून गेलती? मंग सांगीन. मले आजवर कोणी इचारलंच कुठं? लिव. कुंताबाई बाबूलाल निमजे हिनं फोडला. बिबट्याचं नाव नको घेऊ, त्या बिचाऱ्यानं काय केलं?"

पुस्तक बारीकसंच झालं. तिनं गावात एकही वाटू दिलं नाही. आधी चार पार्सलं. प्रफुल्ल म्हणाला कागदी पाकीट चालतं, तर तिनं त्याला झापलं, "दिल्लीले कागदात जाईन का माहा नवरा?" आणि आपल्याच मागावरच्या कोशाच्या कापडात चारही प्रती शिवल्या. चारी ठिकाणी पोचल्याचं कळलं, तेव्हाच तिनं उरलेले गठ्ठे घरी आणले आणि पहिलं पुस्तक पाटलाच्या सुनेच्या हातात दिलं. त्या घरातून बातमी भैय्याजीच्या गिरणीवर जायला वेळ लागत नाही.

भरदुपारी बंटी माणसं घेऊन आला. त्यांनी दार उघडलं नाही, तोडलं. एकानं कोयत्यानं मागावरचा ताणा कापला. महिनाभर ताणून भरलेले कोशाचे तार सटासट तुटले. दुसऱ्यानं माग उखडला. हर्षा गठ्ठ्यांवर आडवी पडली, तर बंटीनं मागाचाच दांडा तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज गल्लीतल्या लोकांनी ऐकला. बाबूलालच्या वेळी जशी पाळीवर उभी होती तशीच ती माणसं दारापाशी उभी होती.

कुंताबाईला दोघांनी केसांना धरून अंगणात आणलं. गठ्ठेही अंगणात फेकले, त्यांवर पेट्रोल पडलं. मग चष्मा लावून भैय्याजी आला.

"न वाचता जाळ," तो मुलाला म्हणाला.

बंटी खिसे चाचपू लागला. कुंताबाईनं कमरेची माचीस काढून त्याच्या पायाशी फेकली.

"घे माही. मीबी तुमचे जाळले, भैय्याजी. गावोगाव फिरली, येकेक ओढून आणलं, इहिणीशी वैर केलं. तरी चार राहिले. आता माहेबी चार राहिले. जा ना कलकत्त्याले पेट्रोल घेऊन! तिथं तुमचा बिबट्या अन् माहा धोटा एकाच छताखाली ठेवला हाय."

भैय्याजीचा हात आपोआप चष्म्याकडं गेला.

"काय रे बंटी," ती म्हणाली, "माह्या नातीचा हात मोडला, तो कायच्यासाठी तेबी वाच ना. का बापानं वाचू नाई देल्लं?"

बंटीनं वरचं पुस्तक उचललं. पेट्रोलनं पानं चिकटली होती. त्यानं ती सोडवली, वाचली, परत वाचली. लहानपणापासून तो शाळेत, यारदोस्तांत बापाचा बिबट्या सांगत आला होता. वर्गात त्यावर निबंध लिहून बक्षीस घेतलं होतं.

"बाबा, हे धोट्याचं..."

भैय्याजीनं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की बंटी गठ्ठ्यांवर पडला. त्या हिसक्यात चष्मा उडाला. गावानं पहिल्यांदा तो चेहरा भर उन्हात नीट पाहिला. गाल साफ. कपाळ साफ. भुवईवर एक ओरखडा नाही. डाव्या डोळ्याच्या जागी फक्त एक गोल खड्डा.

गर्दीतून कोणत्यातरी बाईचा आवाज आला, "बिबट्याचं नख मोठं नेमाचं होतं माय!"

कोणी हसलं नाही. पण कोणी तिला गप्पही केलं नाही. भैय्याजीनं स्वतः काडी ओढली. बंटी कसाबसा बाजूला लोळला, त्याच्या बाहीनं पेट घेतला, आणि तो हात झाडत, बापाकडं वळूनही न बघता, गल्लीतून पळत सुटला. पुस्तकं भडकली. दारापाशी आलेली माणसं या वेळी मागं सरली नाहीत; त्यांच्यातला एक म्हातारा, जो त्या दिवशी पाळीवर होता, आत आला आणि हर्षाला उठवू लागला.

कुंताबाईनं सुटलेले केस एका हातानं आवळले.

"हर्षा, पार्सलं शिवून कोशाचा तुकडा उरला होता ना? काढ. तुहा हात गळ्यात बांधू, अन् ठाण्यात जाऊ. यावेळी इचारतीन."